लाल लोकरीचा धागा आणि बागेतलं अनोळखी झाड

पहिला चांगला पाऊस होऊन आठवडा झाला असेल, मागच्या भिंतीलगत जिथे काहीच नाही असं आम्ही धरून चाललो होतो तिथे जमिनीतून कोंब वर आले. बोटाएवढे जाड, जांभळट लाल, टोकाला घट्ट गुंडाळलेले, आणि एकदोन नाही, चांगले सहा. या घरात आम्ही आलो ते हिवाळ्यात, तेव्हा त्या कोपऱ्यात सुकलेल्या काटक्यांचा एक जुडगा उभा होता, तो मीच मोडून खताच्या खड्ड्यात टाकला होता. खाली जमिनीत कंद असेल आणि तो जिवंत असेल हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

कोंब आले म्हटल्यावर मला भलताच आनंद झाला, कारण आपण न लावता आलेलं काहीतरी आहे आणि ते काय आहे ते माहीत नाही. रोज सकाळी चहा घेऊन तिकडे जायची सवयच लागली. महिन्याभरात कमरेएवढं, दीड महिन्यात खांद्याला, आणि दोन महिने होतात न होतात तोवर माझ्या डोक्याच्या वर. भिंतीवर पेन्सिलीने खुणा करत होते दर रविवारी, सगळ्यात उंच दांडा जमिनीपासून सव्वादोन मीटर भरला. बरं, सरळ वाढत नव्हतं, दांडे थोडे वाकत वाकत, वळण घेत वर जात होते, जणू कोणी हलकेच पिळलेत.

आता नावं सुचवायला माणसं कमी नसतात. आई म्हणाली, हळद आहे गं, रानटी. मामा आला होता तो म्हणाला, कर्दळ, यात बघायचंय काय. मला स्वतःला सोनटक्का वाटत होता आणि मी तर मनातून ठरवूनच टाकलं होतं की पांढरी सुगंधी फुलं येणार. प्रत्येकाला जे नाव आधीपासून माहीत असतं तेच त्याला झाडात दिसतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं, म्हणजे दुसऱ्यांच्या बाबतीत कळत होतं, स्वतःच्या नाही.

मग फोनवर झाड ओळखायचं अ‍ॅप घेतलं. खरं सांगते, त्या अ‍ॅपवर माझा पूर्ण विश्वास होता. कोंबाचा फोटो टाकला तर एक नाव, एका पानाचा टाकला तर दुसरं, आख्ख्या झाडाचा टाकला तर ‘इन्शुलिन प्लांट’. तिसरं उत्तर सगळ्यात खात्रीने दिलेलं होतं आणि त्यासोबतची चित्रं बरीचशी आमच्या झाडासारखीच होती, तशीच गुळगुळीत चकचकीत पानं, तशीच वळणं घेत वर जाणारी. मी घरात सगळ्यांना सांगून मोकळी झाले की आपल्याकडे इन्शुलिन प्लांट आहे.

आणि इथे गोष्ट जरा गंभीर झाली.

शेजारच्या काकूंच्या घरी काकांना बरीच वर्षं शुगर आहे. काकूंनी कुठेतरी ऐकलेलं होतं की या झाडाचं रोज एक पान चावून खायचं. त्या संध्याकाळीच आल्या, हातात डबा. म्हणाल्या, “अगं, तुझ्याकडे एवढं रान माजलंय, मला रोजची दोन पानं देत जा, ह्यांना देते सकाळी अनशापोटी.” मी पानं तोडायला हात पुढे केला आणि तो तसाच थांबला. का थांबला ते नीट सांगता येणार नाही. बहुतेक हे आठवलं की याच अ‍ॅपने याच झाडाला दोन दिवसांपूर्वी दुसरंच नाव दिलं होतं. मी म्हटलं, काकू, मला आधी नक्की कळू दे हे काय आहे, मग देते. त्यांना ते आवडलं नाही. “तूच तर सांगितलंस ना इन्शुलिनचं आहे म्हणून?” हो, मीच सांगितलं होतं. तेवढं बोलून त्या गेल्या आणि मला रात्री झोप लागेना. बागेत उभं आहे तोवर नाव चुकलं तर चुकलं, कोणाचं काही जात नाही, पण कोणाच्या पोटात जाणार असेल तर नाव चुकून चालणार नाही. आणि काकांची शुगरची गोळी चालू होती, ती या पानांच्या भरवशावर कमी केली असती तर?

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात आम्हाला वनस्पतीशास्त्र शिकवायला असलेल्या मॅडमना फोन लावला. रिटायर होऊन किती वर्षं झाली असतील, पण आवाज तोच, खणखणीत. मी म्हटलं, मॅडम, फोटो पाठवते, जरा बघता का.

“फोटो किती काढलेस?”

“चाळीसेक असतील.”

“आणि झाडाला हात किती वेळा लावलास?”

मी गप्प. कारण तोडायला पुढे केला होता तेवढाच. त्या म्हणाल्या, “पान कसं दिसतं ते मला सांगू नकोस, हजार झाडांची पानं तशी दिसतात. पान खोडावर कुठे बसलंय ते बघ. खालून वर एकेक पान धरत जा आणि सांग मला. मग पानाचा तळ सोलून बघ. मग चुरगळून वास घे. फुलाशिवाय मी नाव सांगणार नाही, पण कुळ सांगेन.”

आता हे जे मी केलं ते सविस्तर सांगते, कारण सगळ्या प्रकरणात खरं कामाचं एवढंच होतं आणि कोणालाही घरी करता येईल.

घरात लाल लोकरीचा गुंडा होता. एक मधल्या उंचीचा दांडा निवडला, सगळ्यात खालच्या पानाच्या तळाशी धागा बांधला आणि तिथून वरच्या पानाच्या तळाला, तिथून त्याच्या वरच्या पानाच्या तळाला, असा एकेक पान गाठत धागा वर नेत गेले. सोनटक्का, आलं, हळद, या सगळ्यांत पानं दोन ओळींत असतात, एक डावीकडे एक उजवीकडे, म्हणजे धागा नेला तर तो नागमोडी जायला हवा, इकडून तिकडे, तिकडून इकडे. माझा धागा तसा गेलाच नाही. दुसरं पान पहिल्याच्या समोर नव्हतं, त्याच बाजूला होतं, थोडंसं सरकून. तिसरं आणखी थोडं सरकून. चौथं आणखी. मी धागा धरून दांड्याभोवती फिरत होते, अक्षरशः पायांनी फिरत होते, भिंत आडवी आली की हात पलीकडून घालून धागा पकडत होते, आणि नववं पान आलं तेव्हा मी फिरून पहिल्याच्या वर पोचले. मागे सरकून बघितलं तर हिरव्या दांड्याभोवती लाल धाग्याचा एक गोल जिना तयार झाला होता, वाड्यात असायचा तसा. दांडा पिळल्यासारखा का दिसतो तेही त्याच क्षणी कळलं. दोन महिने रोज चहा पीत मी हे झाड बघत होते आणि एवढी उघडी गोष्ट मला दिसली नव्हती.

मग तळ सोलणं. आमच्याकडे तोपर्यंत कुंडीत सोनटक्का होताच (म्हणजे तुलना करायला हाताशी होता आणि तरी मी केली नव्हती). सोनटक्क्याचं पान खाली जिथे खोडाला कवेत घेतं ना, तो जो पन्हाळीसारखा भाग, तो एका बाजूने उघडा असतो, नख घातलं की शालीच्या पदरासारखा सुटून येतो. नवीन झाडाचा सुटेना. चारी बाजूंनी नख फिरवलं, फट नाहीच. तो भाग बंद नळी होता, शर्टाच्या बाहीसारखा, खोड म्हणजे आत घातलेला हात. ती बाही काढायची तर फाडावीच लागली. बाहीच्या तोंडाशी बारीक लव होती. आणि पान उलटं करून गालाला लावलं तर खालची बाजू रेशमासारखी मऊ, बारीक केसांची. फोटोत हे यायचा प्रश्नच नाही.

वास तर नाहीच. म्हणजे हिरव्या पाल्याला येतो तसा वास, बाकी काही नाही. हळदीचं पान चुरगळलं की हात दिवसभर घमघमतो, आल्याचं तसंच. मी कडेची थोडी माती उकरून कंदाचा एक कोपरा नखाने खरवडला, तिथेही आल्याचा किंवा हळदीचा वास नाही. पांढरट, रेषाळ, बस.

रात्री मॅडमना हे सगळं सांगितलं. धाग्याचं सांगत होते तेव्हाच त्यांनी मध्ये तोडलं, “बास. आल्याच्या कुळातलं नाही ते. कॉस्टेसी.” हे कुळ पूर्वी आल्याच्या कुळातच धरत असत, ते वेगळं कुळ म्हणून मांडलं नाकाई या जपानी वनस्पतीशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये, आणि वेगळेपणाची कारणं बघितली तर माझ्या त्या दुपारच्या वहीतलीच निघाली, पानांचा एकच गोल चढत जाणारा फेरा, बंद नळीचा तळ, सुगंधी तेल नाही. मला किती बरं वाटलं सांगू. लोकरीचा धागा आणि नखं यांच्या जोरावर आपण एखाद्या झाडाच्या कुळापर्यंत पोचू शकतो हे मला माहीतच नव्हतं.

कर्दळीचंही सांगते, कारण मामा काही ऐकायला तयार नव्हता. कर्दळीच्या पानाला मधली शीर ठळक असते, पान रुंद, केळीच्या लहान भावंडासारखं, आणि त्याचा तळ खोडाला गुंडाळलेला असला तरी बंद नळी नसते. एक पान आणून त्याच्या हातात दिलं तेव्हा त्याने मान्य केलं.

पण गंमत अशी की कुळ कळल्यावर इन्शुलिन प्लांटची शंका गेली नाही, उलट वाढली, कारण तेही याच कुळातलं. म्हणजे अ‍ॅप अगदीच भलतीकडे गेलं नव्हतं, घर बरोबर सापडलं होतं, खोली चुकत होती की नाही ते ठरायचं होतं. वाचत गेले तसं हे कळलं की इन्शुलिन प्लांट या नावाने मुळात दोन वेगळी झाडं लोक लावतात. एक कॅमेकॉस्टस कस्पिडेटस, मूळ ब्राझीलचं, ते बुटकं, गुडघ्याच्या आसपास राहतं आणि फूल केशरी. दुसरं कॉस्टस पिक्टस, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, ते उंच होतं पण त्याच्या खोडावर ठिपके-रेघा असतात आणि फूल पिवळं, त्यावर लालसर रेघा. आमचं बुटकं नव्हतं म्हणजे पहिलं बाद. खोडावर रेघा नव्हत्या म्हणजे दुसरंही बहुतेक बाद, पण बहुतेक म्हणजे नक्की नाही ना. मॅडमनी सांगितलेलं, फुलाशिवाय नाव नाही. मग थांबायचं.

थांबणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे असं मला मनापासून वाटतं. काकू रोज कुंपणावरून विचारायच्या, “कळलं का गं?” आणि मी रोज नाही म्हणायचे. एकदा तर म्हणाल्या, “दोन पानांनी काय होतंय?” मी म्हटलं, काकू, दोन पानांनी काही होत नसेल तर मग खायचीच कशाला, आणि काही होत असेल तर काय होतं ते कळायला नको का. यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, बरं, बघ तू. त्यानंतर त्यांचा विचारण्याचा सूर बदलला, चिडून नाही, उत्सुकतेने विचारायला लागल्या.

ऑगस्टच्या शेवटी दोन दांड्यांच्या टोकाला काहीतरी फुगायला लागलं. आधी वाटलं नवीन पानांचा गुंडाळा, पण ते हळूहळू अंड्याच्या आकाराचं, खवल्याखवल्यांचं बोंड झालं, एखाद्या पाइनसारख्या सूचिपर्णी झाडाचं फळ असतं ना तसं, खवल्यावर खवला. प्रत्येक खवल्याचं टोक अणकुचीदार, बोटाला टोचायचं. रंग आधी हिरवा, मग तांबूस, मग गडद लाल. त्यावर मुंग्यांची ये-जा चालू झाली, फुल यायच्या कितीतरी आधी. रोज सकाळी आधी बोंड बघायचं मग बाकीची कामं.

आणि एका सकाळी लाल बोंडाच्या बाजूने एक पांढरं फूल बाहेर आलेलं होतं. पांढरं म्हणजे शुभ्र, पातळ, क्रेप कागद हलका चुरगळून उलगडावा तशा सुरकुत्या, कडेला झालर, आणि आत घशाशी पिवळा रंग. माझा तळहात भरेल एवढं. एक मोठा काळा भुंगा आत पूर्ण शिरून मागे मागे येत बाहेर पडला तेव्हा त्याची पाठ परागकणांनी माखलेली होती. मी काकूंना हाक मारली, त्या ओल्या हातांनी तशाच आल्या आणि आम्ही दोघी तिथे बराच वेळ न बोलता उभ्या होतो. संध्याकाळी फूल मलूल होऊन लोंबत होतं. एका दिवसाचंच असतं ते, बोंडातून एकेक करून येत राहतात, रोज एकदोन.

दुसऱ्या दिवशीचं गळालेलं फूल मी पांढऱ्या ताटलीत घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि टाचणीने एकेक भाग वेगळा केला. सगळ्यात बाहेर तांबूस, कडक, तीन टोकांचा पेला. त्याच्या आत तीन अरुंद, फिकट पाकळ्या, ज्यांच्याकडे आधी लक्षच गेलं नव्हतं. आणि त्याच्या आत ते मोठं पांढरं झालरीचं. म्हणजे तीन पाकळ्या तर मोजून झाल्या होत्या, मग हे मोठं काय? हे पाकळी नाहीच, हे पुंकेसर आहेत! या कुळात सहापैकी पाच पुंकेसर पराग बनवायचं काम सोडून एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा हा एक मोठा पसरट ओठ तयार होतो, आणि उरलेला एकच पुंकेसर पराग देतो, तोसुद्धा पाकळीसारखा चपटा होऊन घशाशी टेकलेला. आल्याच्या कुळातही असा ओठ असतो पण तो दोनच पुंकेसरांचा. मी त्या ओठाच्या तळाशी टाचणी लावून बराच वेळ बघत होते. ज्याला आपण बघताक्षणी फुलाची पाकळी म्हणतो ती पाच पुंकेसरांची मिळून झालेली आहे, आणि हे आपल्या मागच्या भिंतीशी रोज सकाळी उमलतंय. त्या दिवशी जेवणाचं भान राहिलं नाही मला.

मॅडमना आता फोटो पाठवले, यावेळी त्यांनी मागवले म्हणून, बोंडाचा, फुलाचा समोरून आणि बाजूने, सोललेल्या तळाचा, धागा बांधलेल्या दांड्याचा, आणि पट्टी शेजारी ठेवून. उत्तर एका शब्दात आलं. पेव.

पेव! मी नाव वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं त्यांनी चुकून दुसरंच काही टाइप केलं. कारण पेव म्हणजे मला माहीत होतं ते धान्य साठवायचं जमिनीतलं तळघर, ज्यावरून आपण कशाचंही पेव फुटलं म्हणतो. शोधायला गेलं तरी तेच सगळं पुढे येतं. पण या झाडालाही मराठीत पेवच म्हणतात, कुठे पेवा, कुठे पेंवा. पहिल्या पावसानंतर वर येतं, पावसाळाभर रानात ओढ्याच्या कडेला, सावलीत, ओलीला वाढतं आणि पावसाळा सरला की वरचं सगळं सुकून जातं. आम्ही त्या कोपऱ्यात छपराचं पाणी पडायला सोडलं होतं, त्यामुळे ते तिथे खूश होतं.

पण नुसतं “मॅडम म्हणाल्या” यावर थांबायचं नाही हे आता मी शिकले होते, म्हणून शास्त्रीय नाव घेऊन स्वतः पडताळायला बसले, आणि तिथे वेगळीच दमछाक झाली. एका ठिकाणी कॉस्टस स्पेसिओसस, दुसऱ्या ठिकाणी कायलोकॉस्टस स्पेसिओसस, तिसरीकडे हेलेनिया स्पेसिओसा. मला वाटलं तीन झाडं आहेत की काय. वहीत एकाखाली एक लिहून काढलं तेव्हा उलगडलं की झाड एकच, नावं बदलत गेली. १७८३ मध्ये कोनिग या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याला बँक्सिया स्पेसिओसा म्हणून नोंदवलं (स्पेलिंग थोडं वेगळं, ऑस्ट्रेलियातल्या त्या प्रसिद्ध बँक्सियाशी संबंध नाही), १७९१ मध्ये स्मिथने ते कॉस्टस या प्रजातीत नेलं, आणि पुढे दोनशेच्या वर वर्षं सगळी पुस्तकं तेच नाव छापत राहिली. मग आनुवंशिक अभ्यासातून लक्षात आलं की आशियातली ही झाडं अमेरिका-आफ्रिकेतल्या कॉस्टसपेक्षा वेगळ्या फांदीवरची आहेत, म्हणून २००६ मध्ये कायलोकॉस्टस, आणि मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की या गटाला हेलेनिया हे नाव १७९१ मध्येच दिलेलं आहे, जुन्या नावाचा मान पहिला, म्हणून २०१३ पासून हेलेनिया स्पेसिओसा. लंडनमधल्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ऑनलाइन यादीत हेच मान्य नाव आहे. या सगळ्यात मागचा शब्द बदलला नाही ते मला फार आवडलं, स्पेसिओसा म्हणजे देखणी. कोनिगला ती दिसली तेव्हाही देखणीच वाटली असणार.

हे सगळं सांगायचं कारण असं की तुम्ही एकच नाव घेऊन शोधलं तर अर्धीच माहिती हाताला लागते. जुनी औषधी पुस्तकं कॉस्टसच्या नावाखाली, नवीन लेख हेलेनियाच्या.

आणि कॉस्टस या नावामुळे आणखी एक घोळ आहे जो मला धोकादायक वाटतो. पेवाच्या मराठी नावांत काही याद्यांमध्ये कोष्ट असंही लिहिलेलं सापडतं. आणि आयुर्वेदात कोष्ट किंवा कुष्ठ म्हणून जे सुगंधी मूळ येतं ते पूर्णपणे वेगळं झाड आहे, सॉस्युरिया, हिमालयात उंचावर होणारं, सूर्यफुलाच्या कुळातलं. दोघांचा काडीचा संबंध नाही, नाव तेवढं एक. म्हणजे कोणी जुन्या पुस्तकात कोष्टाचे गुण वाचले आणि मागच्या अंगणातलं पेव उकरून वापरलं तर? पेवाच्या कंदात डायोस्जेनिन असतं, ज्याच्यापासून स्टेरॉइड औषधं बनवतात. असल्या झाडाचं काहीही, पान असो की कंद, अंदाजाने खायला घेणं मला तरी पटत नाही. जाणकार वैद्याने दिलं तर गोष्ट वेगळी.

काकूंना सांगायला गेले तेव्हा पोटात गोळा होता, इतके दिवस थांबवलं आणि आता नाही म्हणायचं. ताटलीत एक ताजं फूल, लोकर बांधलेला दांड्याचा तुकडा आणि माझी वही असं सगळं घेऊन गेले. त्यांना पानांचा जिना दाखवला, बाही दाखवली, इन्शुलिन प्लांटचं फूल केशरी किंवा पिवळं आणि आपलं पांढरं हे दाखवलं. काकाही येऊन बसले. सगळं ऐकून काका म्हणाले, “म्हणजे ही मला चुकीचं झाड चारणार होती,” आणि काकू म्हणाल्या, “मी नाही, हिच्या फोनने.” मग काकूंनी स्वतः तो दांडा हातात घेऊन धाग्यावरून बोट फिरवत पानं मोजली. नऊ. बरोबर, म्हणाल्या. आणि त्या आठवड्यात काकांची नेहमीची तपासणी होती तेव्हा डॉक्टरांना विचारून आल्या, त्यांनीही हेच सांगितलं की गोळी आपल्या मनाने बदलायची नाही आणि असली पानं-बिनं न विचारता खायची नाहीत.

ऑक्टोबरपर्यंत फुलं आली. पाकळ्या झडल्यावर लाल खवल्यांच्या आड लालच फळं धरली, ती फुटली तेव्हा आत काळ्या बिया आणि त्याला चिकटलेला पांढरा गर. लाल, काळा, पांढरा, एकाच बोंडात. बिया ओल्या वाळूत टाकून बघितल्या, त्यातल्या काही रुजल्या पण फार सावकाश. त्यापेक्षा दांड्याचे वीतभर तुकडे करून ओल्या वाळूवर नुसते आडवे ठेवले तर पेऱ्यांपासून कोंब फुटले, ते सोपं पडलं. कोणाला लावायचं असेल तर हेच करा, किंवा पावसाच्या तोंडावर कंदाचा डोळा असलेला तुकडा काढून लावा. जागा निम्मी सावलीची आणि ओल धरणारी हवी, कडक उन्हात पानं करपतात.

मग थंडी पडली, पानं पिवळी झाली, दांडे वाळले, आणि तो कोपरा परत तसाच काटक्यांचा झाला जसा आम्ही आलो तेव्हा होता. या वेळी मी काटक्या जमिनीपासून वीतभर ठेवून कापल्या म्हणजे जागा हरवणार नाही, आणि शेजारी एक पाटी रोवली. पाटीवर पेन्सिलीने लिहिलं, कारण मार्करची शाई उन्हापावसात उडते आणि पेन्सिल राहते, हे मॅडमनीच सांगितलं: पेव, हेलेनिया स्पेसिओसा, कॉस्टेसी, पहिलं फूल सप्टेंबर.

यंदा पाऊस पडला आणि पाटीभोवती अकरा कोंब आलेत. त्यातला एक कंदासकट काढून काकूंना दिला, त्यांच्या नळाशेजारी ओल असते तिथे लावलाय. त्यांनी मला पाटी लिहून मागितली आणि वर म्हणाल्या की खाली मोठ्या अक्षरात ‘खायचं नाही’ असंही लिही, ह्यांचा भरवसा नाही. लिहून दिलं. काल बघितलं तर त्यांच्या रोपाला चार पानं आली आहेत आणि पहिल्या पानाच्या तळाशी लाल लोकरीची गाठ बांधलेली आहे.